मे महिन्यात बागेत पहिला उपक्रम भरवताय? आधी माळीकाकांना भेटा

एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात परीक्षा आटोपतात, एक मेच्या आसपास निकालाचा कागद हातात पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरांत एकच पालुपद सुरू होतं, "आई, काय करू?" शाळा पुन्हा उघडायला जूनचा मध्य उजाडतो, विदर्भात तर उन्हामुळे आणखी आठ-दहा दिवस उशीरच. उन्हाळी शिबिरांची फी बघून पालकांना घाम फुटतो आणि चालत पाच मिनिटांवर असलेली महापालिकेची बाग संध्याकाळच्या भेळेपुरती उरते.

त्या बागेत शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं (आणि मोठी माणसंही) जमवून चार रविवार काहीतरी करावं, असं मनात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या बागेत काही वर्षं हा खटाटोप करते. कार्यालयांची नावं शहराप्रमाणे बदलतात. पुण्यात ज्याला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात त्याला मुंबईत विभाग कार्यालय म्हणतात. कामाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी असाच चालतो.

पहिलं काम: चार दिवस नुसतं बसा

कागद-पेन घेऊन कार्यक्रम आखायला बसू नका. बागेत जाऊन बसा. दोन दिवस सकाळी, दोन दिवस संध्याकाळी, आणि त्यातला एक तरी रविवार असू द्या. कोण कुठे असतं ते बघा. सहाला चालणारे येतात. साडेसहाला हिरवळीवर योगासनांच्या सतरंज्या पडतात, शेजारी हास्यक्लब उभा राहतो. साडेसात-आठनंतर उन्हाची तिरीप हिरवळीवर येते आणि मंडळी झाडाखालच्या बाकांकडे सरकतात. मग माळीकाकांचा पाइप सुरू होतो. आमच्याकडच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, त्यामुळे अकराच्या आत सगळं आवरावं लागतं. संध्याकाळी झोपाळे-घसरगुंडीपाशी आया आणि पिल्लं, पाराभोवती आजोबा, मागच्या भिंतीपाशी मोबाइलवर मान घातलेली कॉलेजची पोरं. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, फक्त तिथे पाटी लावलेली नसते.

मी हे केलं नाही आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले. रविवारी सकाळी साडेसहाला पंचवीस मुलं घेऊन मी थेट हिरवळीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. तिथे हास्यक्लब गेली कित्येक वर्षं रोज उभा राहत होता. एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही हसायचं कुठं?" आम्ही चिंचेखाली हललो, पण तोवर दोन्हीकडची सकाळ बिघडली होती. त्यांच्यातल्याच एका आजोबांनी पुढच्या रविवारी मुलांना लगोरी शिकवली. दुसरे एक जण अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हास्यक्लबाचा विषय निघालाच आहे तर सांगते. १९९५च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आज मेचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून साजरा होतो. तेव्हा तुमच्या पहिल्या रविवारी सात मुलं आली म्हणून हिरमुसू नका. आणि तो रविवार नेमका मेचा पहिला असेल, तर हिरवळ त्या दिवशी आजी-आजोबांची आहे हे गृहीत धरा. त्यांच्यातच मुलांना नेऊन उभं करा, दहा मिनिटं हसू द्या, मग खेळायला न्या.

या चार दिवसांत माळीकाकांशी ओळख करून घ्या. कोणत्या भागात कधी पाणी सोडतात, नुकतं बी कुठे पेरलंय, कोणत्या झाडावर मोहोळ आहे, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते, मागचं दार किती वाजता उघडतं, ही माहिती कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. मोहोळाचं तर आवर्जून विचारा. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर त्या कोपऱ्याकडे फिरकायचंच नाही.

वेळ ठरवणं

सकाळी सात ते साडेआठ. याबाबत माझं मत आता पक्कं झालंय. कोणी म्हणेल, सुट्टीत मुलं इतक्या लवकर उठत नाहीत. पहिल्या रविवारी उठत नाहीत हे खरं, पण तिसऱ्या रविवारी तीच आईला उठवतात. नऊनंतर पुण्यातसुद्धा ऊन सोसवत नाही, नागपूर-चंद्रपूर-अकोल्याकडच्यांनी तर साडेसहालाच सुरुवात करावी. कोकणात आणि मुंबईत पारा कमी दिसतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि मुलं लवकर थकतात, तेव्हा तिथे दर पंधरा मिनिटांनी सावलीत बसवा.

संध्याकाळ हवी असेल तर साडेपाच ते सात. पण ती वेळ मोठ्यांच्या गप्पा, वाचन, गाणी अशा बैठ्या कामांना बरी. उन्हाळ्यात लोकांना एकत्र जमवायची हौस इथे जुनीच आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली केली. आपल्याला तेवढी मजल मारायची नाही. वडाखाली सतरंजी टाकून कोणी अर्धा तास गोष्ट वाचून दाखवली तरी पुष्कळ.

मेचा पहिला पंधरवडा की दुसरा, असा प्रश्न दरवर्षी पडतो. निकाल लागला की निम्मी इमारत गावाला जाते आणि वीस तारखेनंतर हळूहळू परतते. म्हणून मी एप्रिलचा शेवटचा रविवार आणि मेचे शेवटचे तीन धरते. मधल्या रविवारी उरलेली सात-आठ मुलं आपली आपण खेळतात, त्याला कार्यक्रम लागत नाही.

परवानगीचा कागद

दहा मुलं झाडाखाली खेळली तर कोणी परवानगी विचारत नाही. तीस मुलं, तेही सलग चार रविवार, म्हटलं की मात्र अर्ज द्या. सुरक्षारक्षकाची पाळी बदलते. नव्या माणसाने अडवलं तर दाखवायला हातात कागद हवा. अर्ज उद्यान विभागाच्या नावाने करायचा, निदान तीन आठवडे आधी. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर आणखी आधी, कारण त्या काळात कार्यालयातले निम्मे हात निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असतात. मजकूर असा चालतो:

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक, उद्यान विभाग, … महानगरपालिका.
विषय: … उद्यानात मुलांसाठी विनामूल्य खेळ व वृक्षओळख उपक्रमास परवानगी मिळणेबाबत.
महोदय,
आम्ही … परिसरातील रहिवासी दि. … ते … या काळातील चार रविवारी सकाळी ७ ते ८.३० या वेळेत वरील उद्यानात मुलांसाठी उपक्रम घेऊ इच्छितो. अंदाजे ३० मुले व १० पालक सहभागी होतील. प्रवेश विनामूल्य असून कोणतीही विक्री, जाहिरात वा ध्वनिक्षेपकाचा वापर केला जाणार नाही. मांडव, खुर्च्या अथवा वीजजोडणीची आवश्यकता नाही. उपक्रमानंतर जागेची स्वच्छता आम्ही करू. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.
आपले विश्वासू,

खाली निदान पाच जणांची नावं, पत्ते, सह्या. दोन प्रती न्या. एक त्यांच्याकडे ठेवा आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. ही पोच म्हणजे तुमचं शस्त्र. आठवड्याने विचारायला जाल तेव्हा "अर्ज कुठला?" या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. आमचा एक अर्ज एका कार्यालयात असाच दिसेनासा झाला होता. पोच दाखवल्यावर पाच मिनिटांत दुसऱ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात सापडला.

अर्जातली दोन वाक्यं काम सोपं करतात. पहिलं "विनामूल्य". फी घेतलीत की तो व्यवसाय ठरतो आणि भाडं, अनामत रक्कम, वेगळे नियम असं शेपूट लागतं. दुसरं "ध्वनिक्षेपक नाही". लाउडस्पीकरला वेगळी परवानगी लागते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा वेगळाच. तीस मुलांना माइक कशाला लागतो? एक शिट्टी पुरते, आणि तीही सातच्या आधी वाजवायची नाही. बागेला लागून असलेल्या इमारतीत कोणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं.

जागाही अर्जात नेमकी लिहा, "मागच्या दाराजवळील वडाखाली" अशी. प्रत्येक बाग खेळायची नसते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलंय. तिथे झरे-पूल बघत चालायचं असतं, लगोरी फोडायची नसते. तुमच्या बागेतही अशी एखादी जपलेली जागा असेल, ती सोडून द्या.

करायचं काय

पहिल्या रविवारी खेळ, बाकी काही नाही. मुलं एकमेकांना ओळखत नसतात. एका इमारतीतली मुलं दुसऱ्या इमारतीतल्यांकडे मांजरासारखी बघतात. लंगडी, विषामृत, रुमालपाणी हे खेळ लगेच सुरू होतात आणि त्यांना सामान लागत नाही. विटीदांडूचा मला स्वतःला मोह होतो, पण माणसं चालत असलेल्या बागेत विटी कोणाच्या डोळ्यावर बसेल याचा नेम नाही. तो मैदानासाठी ठेवा. डबा ऐसपैस खेळायचा तर आधीच सांगा, फुलझाडांच्या वाफ्यात लपला तो बाद. नाहीतर माळीकाकांची महिन्याची मेहनत पंधरा मिनिटांत आडवी होते.

खरी मजा लगोरीत. सात ठिकऱ्या हव्यात, चपट्या, आणि खालून वर लहान होत जाणाऱ्या. शहाबादी फरशीचे तुकडे उत्तम, इमारतीचं काम चाललेल्या ठिकाणी मागितले की मिळतात. कडा दगडावर घासून बोथट करा. चेंडू टेनिसचाच घ्या, रबरी चेंडू पाठीत बसला की वळ उठतो. ठिकऱ्यांपासून दहा-बारा पावलांवर रेघ. तीन चेंडूंत लगोरी फुटली नाही तर पुढच्याची पाळी. फुटली की फोडणारी बाजू ती परत रचायला धावते आणि दुसरी बाजू चेंडू मारून त्यांना बाद करते. रचून झाली की ओरडायचं, "लगोरी!" इथपर्यंतचे नियम सगळीकडे सारखे. भांडणं पुढे सुरू होतात. टप्पा पडून लागलेला चेंडू धरायचा का? चेंडू हातात घेऊन पळायचं का? डोक्याला लागला तर? हे आधी ठरवू नका. मुलांना गोल बसवा आणि त्यांनाच ठरवू द्या. "डोक्याला नाही, कमरेच्या खाली" एवढा एकच नियम आपला.

आणि कच्चं लिंबू हा शब्द मुलांना परत मिळवून द्या. पाच वर्षांचा धाकटा भाऊ मागे लागला की त्याला कच्चं लिंबू करून घ्यायचं. तो खेळतो, पळतो, पण बाद होत नाही. मागच्या वर्षी पायाला प्लास्टर असलेली एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. मुलांनीच तिला ठिकऱ्यांशेजारी खुर्ची आणून दिली आणि रचायचं काम दिलं. तिच्यावर चेंडू मारायचा नाही असंही ठरलं. तिने तीनदा लगोरी लावली, आणि मग विरुद्ध बाजूनेच तक्रार केली की हे कच्चं लिंबू फार पक्कं आहे.

दुसऱ्या रविवारी झाडं बघा. इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात, पन्नास झाडांची यादी काढतात. दहा पुरे, त्यातही मेमध्ये फुललेली आधी. बहावा असेल तर तिथून सुरुवात करा. पिवळ्या झुंबरांच्या शेजारी गेल्या हंगामातल्या हातभर लांब काळपट शेंगा लोंबत असतात. खाली पडलेली एखादी कानाशी धरून हलवायला द्या, आत बिया खुळखुळतात. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, जांभळं आणि चुरगळलेल्या क्रेप कागदासारखं. मोठ्यांतल्याही अर्ध्यांना ते माहीत नसतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची पाचवी पाकळी इतर चारांपेक्षा वेगळी, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची असते, ती ज्याने आधी शोधली तो जिंकला. मग कळीतले पुंकेसर काढून एकमेकांत अडकवायचे आणि ओढायचे. ज्याचं डोकं तुटेल त्याची कोंबडी मेली. ही झुंज पन्नाशीच्या बायकांनाही आठवते आणि मग मुलं बाजूला राहून त्याच लढत बसतात. पर्जन्यवृक्ष मात्र संध्याकाळीच दाखवावा, अंधार पडू लागला की त्याची पानं मिटतात.

कान उघडे ठेवायला सांगा. सकाळी "टुक् टुक् टुक्" असा तांब्यावर हातोडी पडल्यासारखा एकसुरी आवाज येतो तो तांबट, पोपटापेक्षा लहान आणि हिरवा, म्हणून पानांत दिसत नाही. "कुहू" करणारा कोकीळ नर असतो. कविता पाठ केलेल्या मुलांना हे कधीच पटत नाही.

झाडांची फेरी घेण्याआधी स्वतः दुसऱ्या कोणाच्या फेरीला जाऊन या. मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बाग आहे, धारावीलगत जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. पुणेकरांना एम्प्रेस गार्डन आहे. जाणकार माणूस मुलांसमोर किती कमी बोलतो, हे तिथे शिकायला मिळतं. झाडावर नावाची पाटी लावायची तर सुतळीने बांधा. खिळा ठोकायचा नाही, कितीही छोटा असला तरी.

सावली नाहीशी होते त्या दिवशी

या दिवसासाठी मी बाकीचे तीन रविवार सोडायला तयार आहे. महाराष्ट्र सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गडप होते. हाच शून्य सावली दिवस. दुसरी खेप जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात, म्हणून मेची गाठायची. कोल्हापुरात साधारण ६-७ मे, सोलापुरात १०-११, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नाशकात २० आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. घड्याळात बाराच वाजलेले असतील असंही नाही. आपली प्रमाणवेळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीच्या अलाहाबादजवळच्या) साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे, आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या माथ्यावर उशिरा येतो. पुण्यात १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास, मुंबईत १२.३५, नागपुरात १२.१०.

अडचण अशी की त्या वेळी बाग बंद असते. अर्जात वेगळी ओळ घाला: "दि. १३ मे रोजी दुपारी १२.१५ ते १२.४५ खगोल निरीक्षणासाठी प्रवेश मिळावा." नाही मिळाला तर इमारतीची गच्ची आहेच. सामान साधं. प्लास्टिकच्या पाइपचा वीतभर सरळ कापलेला तुकडा, पांढरा कागद, पेन्सिल, आणि जमलं तर गवंड्याकडचा ओळंबा. फुलपात्र घेऊ नका. त्याचं तोंड रुंद असतं. सुलटं ठेवलं तर सावली पडतच राहते आणि उपडं ठेवलं तर वेळेच्या आधीच दिसेनाशी होते, मग मुलं म्हणतात फसवलं. पाइप कागदावर उभा करून दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकावर ठिपका काढायचा. ठिपके जवळ जवळ येतात, सावली पाइपच्या कडेला चिकटते आणि मिनिटभर नुसतं पांढरं कोरं वर्तुळ उरतं. पाइपच्या वरून बघितलं तर आतली जमीन उजळलेली दिसते. त्याच वेळी एखाद्या मुलाला हात अंगाशी धरून ताठ उभं करा आणि पायाशी बघायला सांगा. आमच्याकडे सुरक्षारक्षकांनीही टोपी काढून खाली पाहिलं.

वीस मिनिटांच्या वर मुलांना त्या उन्हात ठेवायचं नाही. टोपी सक्तीची. वर सूर्याकडे बघायचं नाही, हे दहा वेळा सांगा.

आकाशदर्शनाचा आग्रहही होतो. मेच्या मध्यावर पुण्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो, आठपर्यंत कुठे नीट अंधार होतो आणि तेव्हा बाग बंद व्हायची वेळ झालेली असते. शिवाय बागेतले दिवे. गच्चीवर जा. उत्तरेला सप्तर्षी सापडले की त्याच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवायची, आधी नारिंगी स्वाती लागते, मग पांढरी चित्रा. पहिल्या दिवशी एवढं पुरे.

निरोप

व्हॉट्सॲपवर सुशोभित पत्रिका नको, लोक ती उघडत नाहीत. साधा मजकूर टाका:

"रविवार, सकाळी ७ ते ८.३०. बागेच्या मागच्या दाराशी, वडाखाली. वय ६ ते १२. सहाच्या आतलं मूल असेल तर मोठं माणूस सोबत हवं. टोपी, पाण्याची बाटली, बूट. फी नाही. नाव आणि पालकांचा फोन शुक्रवारपर्यंत कळवा. पाऊस असेल तर सकाळी सव्वासहाला इथेच सांगू."

त्याच मजकुराचे चार कागद काढून बागेच्या फाटकाजवळ, दूधवाल्याकडे, चहाच्या टपरीवर आणि बागेमागच्या वस्तीच्या तोंडाशी लावा. शेवटचं विसरू नका. आपले ग्रुप सोसायट्यांचे असतात आणि त्यात घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलं नसतात. तीही त्याच बागेत खेळतात, आणि लगोरी फोडण्यात आमच्या मुलांपेक्षा फार पुढे आहेत.

पाणी, पन्हं, वळीव

बागेच्या पाइपचं पाणी पिऊ द्यायचं नाही. अनेक ठिकाणी झाडांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी किंवा बोअरचं पाणी घालतात. घरून माठ किंवा स्टीलचा पिंप आणा. पन्ह्याला एक किलो कैरी घेतली तर साधारण पंचवीस छोटे पेले होतात. आदल्या रात्री कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ-वेलची-मीठ घालून ठेवायचं, सकाळी पाणी मिसळायचं. बाहेरचा लादीचा बर्फ नको. पेले स्टीलचे, प्रत्येकाने घरून आणायचे. प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ते वेचत बसायला कोणाला वेळ आहे?

जवळ जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एखादं मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळतं म्हणालं, की खेळ बंद. सावली, ओल्या रुमालाने अंग पुसणं, घोट घोट पाणी. अंग तापलेलं आहे आणि बोलणं असंबद्ध वाटतंय तर वाट बघायची नाही, तोंडातून पाणीही द्यायचं नाही, १०८ला फोन करायचा.

मेच्या उत्तरार्धात वळीव येतो, बहुतेक दुपारनंतर. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर हवामान खात्याचा इशारा बघाच, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' हे विजांचा इशारा देणारं ॲप फोनवर घ्या. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघायचं. नेमकं उलट होतं, सगळे वडाखाली धावतात. कुठल्या पक्क्या इमारतीत जायचं ते आधीच ठरवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

त्या सकाळी

स्वच्छतागृह उघडं आहे ना, हे पावणेसातला स्वतः जाऊन बघा. आदल्या दिवशी मिळालेल्या "हो ताई, उघडतो"वर विसंबू नका. दाराशी एक जण वही घेऊन बसवा: मुलाचं नाव, सोबत कोण, फोन, घ्यायला कोण येणार. जाताना त्याच माणसाच्या हाती मूल सोपवायचं आणि वहीत खूण करायची. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, फोन खिशात ठेवलेलं. फोटो काढणारा एकच असू दे आणि ज्यांच्या पालकांनी नको म्हटलंय त्यांची नावं त्याच्याकडे द्या.

स्थानिक नगरसेवक किंवा त्यांची मंडळी अचानक येऊ शकतात. त्यांना पन्हं द्या, मुलांबरोबर एक डाव खेळायला सांगा. भाषण सुरू होण्याची चिन्हं दिसली की लगोरी लावून ठेवा. मुलं थांबत नाहीत.

साडेआठला शिट्टी. मुलं कुरकुर करतील, आणि "अजून पंधरा मिनिटं" म्हणणाऱ्यांत पालकच पुढे असतात. ऐकू नका. माळीकाकांना पाणी सोडायचं असतं.

नंतर

कचरा दोन पिशव्यांत, ओला-सुका वेगळा, सोबत घरी. ठिकऱ्या मोजून घ्या, सातवी कायम गवतात राहते आणि गवत कापायच्या यंत्रात जाते. वर्गणी काढली असेल, अगदी पाचशे रुपये असली तरी, तिचा हिशेब त्याच ग्रुपवर त्याच दिवशी टाका.

शेवटच्या रविवारनंतर उद्यान विभागाला चार ओळींचं आभाराचं पत्र द्या, त्यावर जुना आवक क्रमांक लिहा आणि त्याचीही पोच घ्या. पुढच्या फेब्रुवारीत नवा अर्ज द्याल तेव्हा या दोन पोचा जोडल्या की काम निम्म्या वेळात होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की हिरवळीवर नवं गवत लावायला घेतात आणि भोवती दोरी बांधतात. आमच्या ठिकऱ्या तोवर माळीकाकांच्या खोलीत, फावड्यामागच्या डब्यात असतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी त्यातल्या दोन दाराला उटी म्हणून लावल्या. आता यंदा त्या शोधायच्या आहेत.